‘आटलं’ म्हणून सांगितलेला तलाव

आम्ही पाखरांचे फोटो काढणारे लोक खोटारडे असतो, हे आधीच सांगून टाकते. वाघाचे फोटो काढणारे फुशारक्या मारतात, आम्ही लपवतो. अमरावती-अकोल्याकडच्या आमच्या मंडळीत एक रीत आहे. तलावावर कुठे घरटं सापडलं आणि कोणी विचारलं, “काय चालू आहे हो तिकडं सध्या?” की तोंड पाडून म्हणायचं, “आटलं. काई नाई आता तिकडं.” बस्स. आटलेल्या तलावावर पेट्रोल जाळून कोण जाईल? नवख्याला ते खरं वाटतं. जुन्याला कळतं, पण तोही पुन्हा विचारत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत तो तलाव सगळ्या दुनियेसाठी आटलेला असतो.

हे वाक्य मी कितीदा बोलले असेन, देव जाणे. एका बँकेच्या साहेबाला तर इतक्या दुःखानं सांगितलं होतं, की तो बिचारा म्हणाला, “अरेरे, फारच वाईट झालं.” त्यावर आम्ही दोघं गाडीत बसून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. आम्ही दोघं म्हणजे मी आणि अकोल्याचा भाऊ. सख्खा नव्हे. मानलेला. त्याच्याबद्दलच सांगायचं आहे.

मी अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहे. दिवसभर माइकवर ओरडायचं, कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, आणि गाडी उशिरा आली की जणू ती मीच घरी ठेवून आले होते अशा थाटात लोकांच्या शिव्या खायच्या. माझी जीभ तिथंच तिखट झाली. घरचे म्हणतात ती आधीपासूनच तशी होती, असेल. पण आठवड्याच्या सुट्टीला मी स्कूटीवर कॅमेरा बांधून भातकुलीकडच्या एका तलावावर जाते, आणि तिथं मात्र सकाळभर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही.

तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. म्हणून पावसाचं गोडं पाणी साठवणाऱ्या त्या लहानशा तलावावर हिवाळ्यात पाखरांची नुसती जत्रा भरते. थापटे, चमचे, चक्रवाक, काय विचारू नका. होळीनंतर पाहुणे आपापल्या देशी निघून जातात आणि पाणी मागे सरकू लागतं. पाणी मागे सरकलं, की मोकळ्या झालेल्या गाळात डांगरवाड्या, म्हणजे खरबूज-काकडीचे मळे, पुढे सरकतात, त्यांच्यामागून म्हशी, आणि म्हशींमागून गावची कुत्री. एप्रिलच्या शेवटी मधोमध पसरट डबकं तेवढं उरतं. माझ्या आईचं माहेर त्याच शिवारातलं. तलाव मला तिनं दाखवला, आणि मी तो भावाला दाखवला.

त्याचा अकोल्यात स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो, बारसं, साक्षगंध, जे येईल ते. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो बांधावर पालथा पडून एका टिटवीचा फोटो काढत होता आणि त्याच्या पाठीवर मुंग्या चढत होत्या. मी म्हटलं, “अवो भाऊ, मुंगळे चढून राहिले तुमच्या अंगावर.” तो न हलता म्हणाला, “चढू द्या ताई. ते फोटोत नाई येत.” तिथून ओळख झाली. मला कॅमेरा नीट धरायला त्यानं शिकवलं. उजेड पाठीशी घ्यायला शिकवलं. श्वास सोडून बटण दाबायला शिकवलं. आणि एक गोष्ट तर इतक्यांदा सांगितली, की ती मला तोंडपाठ झाली: “ताई, पाखरू अगोदर. फोटो मांगून.” भेटला की तो म्हणायचा “जयभीम ताई,” आणि मी म्हणायची “राम राम भाऊ.” त्यानं माझ्या रीतीनं म्हणायचं, मी त्याच्या रीतीनं, असं आमचं आपोआप ठरून गेलं होतं.

बाकीची मंडळी त्याला मागे ‘लग्नवाला’ म्हणत. मोठमोठ्या लेन्सवाले, डॉक्टर, वकील. “लग्नवाल्याचा फोटो आहे, पाखराला हार घालायचा राहिला वाटतं,” असलं काहीतरी. एकदा माझ्यासमोर बोलले. मी त्यांना स्टँडवरच्या आवाजात असं झापलं की परत माझ्यापुढे कोणी बोललं नाही. त्याच्यासाठी मी भांडले आहे, हे इथं लिहून ठेवते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. एप्रिल लागला होता. डबक्याच्या आत, काठापासून थोडं दूर, चिखलाच्या एका उंचवट्यावर शेकाट्याच्या जोडीनं घरटं केलं. शेकाट्या तुम्ही पाहिला असेल: काळं-पांढरं अंग आणि गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय. आई त्याला ‘लाल टांगाचं पाखरू’ म्हणते. उंचवट्याच्या दोन्ही अंगांना लव्हाळ्याचे झुबके होते, त्यांची सावली दिवसातून थोडा वेळ तरी अंड्यांवर पडायची. अंडी चार. भोवती पाण्याचं कडं. ते कडं आहे तोवर कुत्रं आत जात नाही, चिखलात रुततं. ते आटलं की खेळ खलास.

म्हणजे शर्यत लागली होती. पाणी आधी संपतं की पिल्लं आधी निघतात. शेकाट्याची पिल्लं निघाली की अंग वाळायचा अवकाश, तुरुतुरु चालायला लागतात. मग कुत्र्याच्या बापालाही सापडत नाहीत. तेवढं व्हायला हवं होतं. मला ते फार म्हणजे फार हवं होतं. कारण विचाराल तर सांगता यायचं नाही. इतकी वर्षं पाण्याला हरताना पाहिलं होतं, एकदा तरी पाखरू जिंकावं, एवढंच.

आम्ही दोघांनी बांधावर बसून ठरवलं. बांधाच्या खाली उतरायचं नाही. लव्हाळ्याला हात लावायचा नाही. कोणी विचारलं तर आटलं. ऊन चढलं की शेकाट्या उठायचा, डबक्यात पोट बुडवायचा आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर बसायचा. दुपारभर त्याच्या खेपा चालायच्या. जोडीतलं दुसरं आलं की हा उठायचा. भाऊ दुर्बिणीतून बघत म्हणाला, “ताई, आपल्या घरी कूलरमंदी पाणी टाकाले पोट्टे उठत नाई, अन् हे पाहा.”

मग आमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघरात पाय घसरला, बस. सरकारी दवाखान्यात भरती केलं. ड्यूटी, दवाखाना, ड्यूटी, दवाखाना, असं सुरू झालं, आणि तलाव सुटला. मी भावाला फोन लावला. “आता तुमच्यावरच आहे,” म्हटलं. तो म्हणाला, “ताई, तुमी मायकडं पाहा. तलाव माह्यावर सोडा.”

अकोल्याहून तो दवाखान्यातही आला. बायकोच्या हातची मुगाची खिचडी आईसाठी आणि कळण्याच्या भाकरी अन् ठेचा माझ्यासाठी. आईच्या पायाशी बसला, तिला मोबाइलवर अंड्यांचा लांबून काढलेला फोटो दाखवला. आई वेदनेनं कण्हत होती, पण फोटो पाहून म्हणाली, “माया बापाच्या वावरापाशीच हायेत हे.” त्या दिवसापासून ती मला रोज विचारायची, निघाले का पिल्लं? मी रोज भावाला फोन करायची. तो सांगायचा, हाय ताई, पाणी हाय अजून. बसून हाय ताई. आज लय ऊन होतं, पण बसून हाय.

आणि आईच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्याचा स्वतःहून फोन आला. मी वॉर्डाबाहेर जिन्यात उभी होते. तो म्हणाला, “ताई, आटलं.”

“म्हणजे?”

“पाणी आटलं. रातच्यानं कुत्रे गेले आत. अंडे नाई राह्यले. काई नाई आता तिकडं. तुमी येऊ नोका ताई, जिवाले लागन तुमच्या.”

फोन कानाला तसाच धरून मी जिन्यातच बसले आणि रडले. येणारे-जाणारे बघत होते. दवाखान्यात रडणारी बाई म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असं समजून एका म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. काय सांगू तिला? आईला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर घ्यायचं होतं. अजून बसून हाय, एवढंच म्हटलं.

आता विचाराल, ते वाक्य तुझंच ना बाई, तुला ओळखू आलं नाही? नाही आलं. ते आपल्या माणसाला सांगायचं वाक्यच नव्हतं. चोरासाठी दाराला लावलेलं कुलूप घरातल्या माणसाच्या तोंडावर कोणी लावत नाही.

आईचं ऑपरेशन झालं, ती घरी आली. नागपूरची बहीण मदतीला आली. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, “जा व, एक चक्कर मारून ये तुया तलावावर. इथं मी हाओ.” मी कॅमेरासुद्धा घेतला नाही. रिकाम्या डबक्याचा काय फोटो काढायचा? नुसतं बांधावर बसावं आणि परत यावं, या विचारानं निघाले.

बांधाच्या अलीकडे बाभळीखाली दोन मोठ्या गाड्या उभ्या होत्या. त्यांच्यामागे भावाची ओमनी.

बांधावर चढले. पाणी होतं. कमी झालं होतं, पण कडं शाबूत होतं. त्या कड्यावर फळ्या टाकलेल्या. फळ्यांपुढे चिखलावर फ्लेक्स अंथरलेला, लग्नाचा, भावाच्या स्टुडिओतला. नवरा-नवरीचे हसरे चेहरे चिखलात, आणि त्यांच्यावर पालथे पडलेले झाडपाल्याच्या रंगाच्या कपड्यांतले चौघं, कॅमेरे रोखून. घरट्यापासून एवढ्याशा अंतरावर. समोरच्या अंगाचं लव्हाळं मुळापासून कापून बाजूला टाकलं होतं, फोटोत आडवं येऊ नये म्हणून. चारही अंडी उघड्यावर, भर उन्हात. शेकाट्याची जोडी वर घिरट्या घालून नरडं फाटेस्तोवर ओरडत होती. एक खाली उतरायचं, चोच वासून अंड्यांजवळ उभं राहायचं, की लगेच खाडखाड खाडखाड कॅमेरे सुरू, की पुन्हा उडायचं. आणि भाऊ त्या चौघांच्या मागे छत्री धरून उभा होता. पाहुण्यांच्या डोक्यावर.

अंडी होती. कुत्र्यानं नेली नव्हती. आधी मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? क्षणभर वाटलं, अगं बाई, वाचली! आणि मग बाकीचं कळलं.

मी ओरडले. माइक नव्हता, पण त्या दिवशी तो लागलाही नसता. काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पालथ्यांपैकी एकानं मान वळवली आणि पुणेरी गोडव्यानं मला म्हणाला, “मॅडम, प्लीज. आवाजानं पक्षी डिस्टर्ब होतोय.”

मला! मी फळीवरून थेट त्याच्यापर्यंत गेले, चपलेसकट. त्याच्या कॅमेऱ्याच्या तोंडावर माझा दुपट्टा टाकला आणि म्हटलं, “उठ. आता उठ, नाहीतर गावातली माणसं बोलावते.” ते उठले. कपडे झटकले. कोणी म्हणालं की सरांनीच इथं बोलावलं, ‘इकडं कोणी फिरकत नाही’ म्हणाले. सर म्हणजे आमचा भाऊ. ते गाड्यांकडे गेले, आणि आम्ही दोघंही बांधावर आलो, निदान पाखराला खाली उतरता यावं म्हणून.

“आटलं होतं ना?” मी विचारलं. “कुत्र्यायनं नेले ना अंडे?”

तो छत्री मिटत राहिला. मिटेचना ती. मग म्हणाला, “ताई, त्यातले एक फोटोच्या स्पर्धेचे परीक्षक हायेत. मोठे लोक हायेत. जिंदगीभर मले लग्नवाला म्हणले सारे. तुमाले मालूम हाय. एक फोटो पायजे होता, ताई. एकच.”

“ते समजलं मले. मले कावून खोटं सांगतलं? दुनियेले सांगा. मले कावून?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. खाली बघून, अगदी हळू, खरं तेच बोलला. “तुमी असत्या तं करू देलं नसतं.”

चूक झाली म्हणाला असता, लक्षात नाही आलं म्हणाला असता, तर मी शिव्या देऊन कधीतरी माफही केलं असतं. पण त्याला माहीत होतं. लव्हाळं कापताना माहीत होतं, फळ्या टाकताना माहीत होतं, आणि जिन्यात मी रडत असताना, फोनच्या दुसऱ्या टोकाला, माझं नाक ओढण्याचे आवाज ऐकतानाही त्याला माहीत होतं. मी त्याला म्हटलं, “निंगा इथून.” ना जयभीम, ना राम राम. तो फळ्या गोळा करायला लागला तर मी म्हटलं, “राहू द्या. मी उचलते.” त्याच्या हाताला त्या चिखलात पुन्हा जाऊ द्यायचं नव्हतं मला.

फळ्या उचलल्या, कापलेलं लव्हाळं होतं तसं मातीत खोचून पाहिलं. तासाभरात ते कोमेजून आडवं झालं. पण शेकाट्या परत आला. पोट भिजवून आला आणि बसला. मी म्हटलं, बस बाबा, बस.

पुढे रोज ड्यूटीआधी मी स्कूटी पिटाळत तिथं जायची. तो बसलेलाच असायचा. पिल्लं निघायची वेळ येऊन गेली तरी बसलेला. मग खेपा कमी झाल्या. उठला की बराच वेळ डबक्यातच उभा राहायचा. आणि एका सकाळी दोघंही नव्हती. पाणी अजून होतं, बरं का. शर्यत पाणी जिंकलं नव्हतं. अंडी चारही तिथंच, जशीच्या तशी. थंड पडली होती असं म्हणवत नाही, त्या उन्हात काहीच थंड पडत नाही.

भावाचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. आईनं पिल्लांचं विचारलं की मी विषय बदलायची. पावसाळ्यात त्याला बक्षीस मिळालं. स्टँडवरच्या एका कंडक्टरनं मोबाइलवर मला फोटो दाखवला, “ताई, तुमच्या भातकुलीकडचा हाय म्हणते.” खाली भावानं लिहिलं होतं की ही जागा मला माझ्या ताईनं दाखवली, हे बक्षीस तिचं आहे. दिवसभर लोक माझं अभिनंदन करत होते. डेपो मॅनेजरांनी बोलावून चहा पाजला. आणि फोटो, काय सांगू तुम्हाला, फोटो सुंदर होता. मी इतक्या वर्षांत काढलेल्या सगळ्यांपेक्षा सुंदर. मागे कसलाही पालापाचोळा नाही, सोन्यासारखा मोकळा उजेड, चार अंडी आणि त्यांच्यावर चोच उघडून उभं असलेलं पाखरू. लोक लिहीत होते, बघा, बाप पिल्लांना हाक मारतोय. अरे, धापा टाकत होतं ते. त्या चहाची अर्धी बशी माझ्याकडून साहेबांच्या टेबलावर सांडली.

त्याच आठवड्यात मी ड्यूटीवर असताना तो घरी येऊन गेला. मी नसतानाची वेळ बघूनच आला असणार. आईला भांडणाचं काही सांगितलेलं नव्हतं. ती अजून खाटेवर होती, ऑपरेशनच्या कुशीवर वळता येत नव्हतं, त्यामुळे दिवसभर तिचं तोंड एकाच भिंतीकडे. मी संध्याकाळी घरी आले तर त्या भिंतीवर तो फोटो. मोठा करून, काच लावून, चांगल्या लाकडी चौकटीत. खिळा त्यानंच ठोकला होता.

“तुया भाऊ येऊन गेला,” आई म्हणाली. “म्हणे माय, तुमच्यासाठीच आणला. भल्ला जीव लावते तो. किती दिवसाची हासली नव्हती मी.”

माझा हात चौकटीकडे गेला होता. ओढून काढावी, अंगणात नेऊन आपटावी, असं मनात होतं.

“पाह्य ना कसं उभं हाय,” आई म्हणाली. “माया बापाच्या वावरापाशीच. गाणं म्हणून राहिलं वाटते. निंगाले का वं मंग पिल्लं? तू तं सांगतलंच नाई.”

“निंगाले,” मी म्हटलं.

“चारई?”

“हाव आई. चारई.”

मग ती म्हणाली, काचेवर त्याच्या बोटांचे ठसे राहिलेत, पुसून घे. मी दुपट्ट्यानं काच पुसली.